दहा वॅटसाठी बत्तीस वॅट : घरी बांधलेल्या एका ॲम्प्लिफायरचा इतिहास

तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस ॲम्प्लिफायरवर काय बोलणार, असं तुमच्यातल्या काहींच्या मनात आलंच असेल. पुरावा कशाला म्हणायचं, हा आमच्या विषयातला जुना झगडा. विसाव्या शतकात तो ज्या जागांवर अगदी खणखणीतपणे झाला, त्यातली एक जागा म्हणजे गाणं ऐकायचं यंत्र. आवाज मोजता येतो, आणि आवाज ऐकूही येतो. मोजणारा म्हणतो काही दोष नाही, ऐकणारा म्हणतो काहीतरी खटकतंय. मग खरं कोणाचं धरायचं? आज मी या प्रश्नाचा एकच प्रसंग घेणार आहे, आणि तो शक्य तितका नीट उलगडणार आहे.

प्रसंग असा. एप्रिल १९६९ मध्ये लंडनच्या 'वायरलेस वर्ल्ड' या मासिकात जॉन लिन्सली हूड यांचा एक लेख आला. मासिक साधंसुधं नव्हतं. उपग्रह पृथ्वीभोवती एकाच जागी स्थिर ठेवून त्यांच्यामार्फत संदेश पाठवता येतील, ही आर्थर क्लार्क यांची कल्पना १९४५ साली याच मासिकात छापून आली होती. पण मासिकाचा खरा वाचक म्हणजे रविवारी सोल्डरिंगची इस्त्री तापवून बसणारा माणूस. लिन्सली हूड यांनी त्या वाचकाला चार ट्रान्झिस्टरचा, दहा वॅटचा, क्लास-ए पद्धतीचा एक ॲम्प्लिफायर दिला. आणि लेखाच्या उपशीर्षकातच दावा केला की कानाला हा त्या काळच्या क्लास-बी ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरपेक्षा चांगला लागतो. कानाला, बरं का. हा शब्द लक्षात ठेवा, आपल्याला त्याच्याकडे परत यायचंय.

आता थोडं मागे जाऊ. ट्रान्झिस्टरच्या आधी व्हॉल्व्ह होते. आपल्यातल्या पांढऱ्या केसांच्या मंडळींना घरातला व्हॉल्व्हचा रेडिओ आठवत असेल; बटण फिरवलं की आधी दिवा लागायचा, आणि आवाज नंतर सावकाश यायचा. त्या व्हॉल्व्हच्या जगातला मानदंड म्हणजे डी. टी. एन. विल्यमसन यांचा ॲम्प्लिफायर. तोही 'वायरलेस वर्ल्ड'मध्येच, १९४७ च्या एप्रिल आणि मे अंकांत आला. पंधरा वॅट, आणि विकृती एक दशांश टक्क्याहून कमी. विकृती म्हणजे इंग्रजीतलं डिस्टॉर्शन. आत गेलेल्या सुरात नसलेलं काहीतरी बाहेर येताना मिसळलेलं असणं. १९४७ साली हा आकडा थक्क करणारा होता. जगभर लोकांनी तो घरी बांधला. त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर मात्र महाग आणि दगडासारखा जड असे, आणि सगळी करामत त्या ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीतच होती.

डिसेंबर १९४७ मध्ये, म्हणजे त्याच वर्षी, अमेरिकेत बेल लॅबमध्ये ट्रान्झिस्टर जन्मला. त्याला तापायला वेळ लागत नाही, शेकडो व्होल्ट लागत नाहीत, आणि पुढे कळलं की तो जड ट्रान्सफॉर्मरही लागत नाही. व्हॉल्व्हचे दिवस भरले हे उघड होतं. पण सुरुवातीचे ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे. त्यांना उष्णता अजिबात सोसत नसे. तापले की जास्त प्रवाह वाहणार, जास्त प्रवाह वाहिला की आणखी तापणार, आणि या चक्रातच ते संपून जाणार. म्हणून अभियंत्यांनी साहजिकच अशी रचना निवडली जिच्यात ट्रान्झिस्टर बहुतेक वेळ विश्रांती घेतो. तिचं नाव क्लास-बी.

क्लास-ए आणि क्लास-बी यातला फरक मी जात्यावरून सांगतो. जात्यावर दोघी समोरासमोर बसल्या आहेत, खुंटा एक. दोघींचेही हात खुंट्यावरून कधीच सुटत नाहीत. एकीचा जोर वाढतो तेव्हा दुसरीचा कमी होतो, पण शून्य कधीच होत नाही. हा क्लास-ए. जातं एकसारखं फिरतं, पण दोघी सारख्या राबत असतात, दळण थोडं असो की पायलीभर. आता अशी व्यवस्था करा की अर्धा फेरा एकीने ढकलायचा आणि खुंटा सोडून द्यायचा, उरलेला अर्धा दुसरीने पकडून ढकलायचा. हा क्लास-बी. दोघींना अर्धा वेळ आराम. पण खुंटा एकीच्या हातून सुटून दुसरीच्या हातात जाण्याचा जो क्षण आहे, त्या क्षणी जातं किंचित अडखळतं.

त्या अडखळण्याला क्रॉसओव्हर विकृती म्हणतात. ट्रान्झिस्टरमध्ये ती कुठून येते? सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर त्याच्या बेसवर साधारण ०.६ व्होल्ट आल्याशिवाय जागाच होत नाही. सुरांची लाट वर-खाली होताना दर वेळी शून्यातून जाते, आणि नेमकी तिथेच एक ट्रान्झिस्टर झोपायला निघालेला असतो आणि दुसरा डोळे चोळत असतो. दोघांनाही आधीपासून थोडासा प्रवाह देऊन अर्धवट जागं ठेवता येतं, तसं ठेवतातच. पण किती ठेवायचा हे ट्रान्झिस्टरच्या तापमानावर अवलंबून, आणि तापमान तर गाण्याबरोबर बदलत राहणार.

त्यात आणखी एक अडचण होती. समोरासमोरचे दोन ट्रान्झिस्टर एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब असावेत, एक एनपीएन आणि एक पीएनपी, हे उत्तम. पण मोठ्या शक्तीचे, परवडणारे, सिलिकॉनचे पीएनपी बराच काळ मिळतच नव्हते. १९५६ साली एच. सी. लिन यांनी तोड काढली: शेवटचे दोन्ही ट्रान्झिस्टर एकाच जातीचे वापरायचे, आणि त्यांच्या आधीच्या छोट्या ट्रान्झिस्टरांच्या जोडणीतून त्यांना एकमेकांच्या उलट वागायला लावायचं. हुशारीची गोष्ट होती. पुढची दहा-पंधरा वर्षं कारखान्यांतून निघालेले किती तरी ॲम्प्लिफायर याच घराण्यातले. पण दोन बाजू खऱ्या अर्थाने सारख्या नव्हत्या. जात्यावरच्या दोघींपैकी एक डावखुरी, असं म्हणा ना.

मग मोजणाऱ्यांना हे दिसलं नाही का? इथे मला जरा थांबायचंय, कारण सगळी गंमत इथेच आहे.

त्या काळी ॲम्प्लिफायरच्या पत्रकावर विकृतीचा एकच आकडा छापला जाई, आणि तो बहुधा पूर्ण शक्तीला मोजलेला असे. समजा, दहा वॅटला ०.१ टक्का. व्हॉल्व्हच्या बाबतीत ही पद्धत अगदी न्याय्य होती, कारण व्हॉल्व्हची विकृती आवाज वाढवला की वाढते. सर्वांत वाईट अवस्थेत मोजलं की खालचं सगळं त्याहून बरंच असणार. ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली होती की ती एक गृहीतक आहे हेच लोक विसरले. क्लास-बी ट्रान्झिस्टरमध्ये ते गृहीतक उलटं होतं. अडखळणं शून्यापाशी आहे. लाट मोठी असो की लहान, अडखळण्याचा आकार साधारण तेवढाच. आता हिशेब करा. दहा वॅटवरून एक दशांश वॅटवर आलो, म्हणजे शक्ती शंभरपट कमी, आणि लाटेची उंची दहापट कमी. अडखळणं तेवढंच राहिलं तर ०.१ टक्क्याचा १ टक्का झाला. आणि घरात आपण ऐकतो किती वॅटवर? दिवाणखान्यात, बऱ्यापैकी स्पीकर असेल तर, बहुतेक वेळ एका वॅटच्या आत. पत्रकावरचा आकडा खरा होता, पण तो ज्या अवस्थेचा होता त्या अवस्थेत कोणी गाणं ऐकतच नव्हतं.

दुसरी गोष्ट विकृतीच्या जातीची. मूळ सुराच्या दुप्पट कंपनसंख्येचा थोडा अंश मिसळला, तर तो वरचा षड्जच असतो. कानाला फारसा टोचत नाही. अडखळण्यातून मात्र सातपट, नऊपट, अकरापट असे वरचे, मूळ सुराशी न जुळणारे अंश निघतात. एका टक्केवारीत हे सगळे एकाच मापाने मोजले जातात. बीबीसीमधले डी. ई. एल. शॉर्टर यांनी १९५० सालीच सुचवलं होतं की वरच्या अंशांना जास्त वजन द्या. अंशाच्या क्रमांकाचा वर्ग करा आणि चाराने भागा. दुसऱ्या अंशाचं वजन मग येतं एक, आणि दहाव्याचं पंचवीस! सूचना छापून आली, वाचली गेली, आणि पत्रकं छापणाऱ्यांनी ती बाजूला ठेवली. आकडा मोठा दिसेल असं माप कोण स्वतःहून लावून घेईल?

तिसरी गोष्ट थोडी तांत्रिक आहे, पण सोडवत नाही. ॲम्प्लिफायरमध्ये बाहेर आलेल्या आवाजाचा एक हिस्सा परत आत आणून मूळाशी ताडून पाहतात आणि चूक दुरुस्त करतात. याला फीडबॅक म्हणतात. हॅरॉल्ड ब्लॅक यांनी १९२७ साली ही कल्पना मांडली. फीडबॅक चूक किती सुधारणार हे ॲम्प्लिफायरच्या अंगच्या वर्धनावर अवलंबून असतं. पण दोन्ही ट्रान्झिस्टर अर्धवट झोपेत असतात त्या क्षणी ते वर्धनच घसरतं. म्हणजे चोरी होते नेमकी त्याच वेळी पहारेकऱ्याचा डोळा लागतो.

तर साठच्या दशकात अशी परिस्थिती होती. नवे ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर कागदावर व्हॉल्व्हच्या तोडीस तोड, आणि ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळ जण म्हणत होते की आवाज कोरडा लागतो, थोडा वेळ ऐकलं की थकायला होतं. अभियंते म्हणत, तुम्हाला व्हॉल्व्हची सवय झाली आहे, बाकी काही नाही. आमच्याकडे विद्यार्थ्याने अवघड शंका काढली की काही प्राध्यापक असंच उत्तर देतात.

आता लिन्सली हूड. हे गृहस्थ कोण होते पाहा. ते ध्वनिक्षेपणातले नव्हते, की ॲम्प्लिफायरच्या कंपनीतले. ब्रिटिश सेलोफेन या कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक्स संशोधन प्रयोगशाळेचे ते प्रमुख होते. सेलोफेन म्हणजे तो मिठाईच्या डब्यावरचा पारदर्शक कागद. कागदाची रुंदी मोजणं, त्यातला ओलावा मोजणं, यासाठी उपकरणं बनवणं हे त्यांचं काम. शुद्ध साइन लाट निर्माण करणारं एक सर्किटही त्यांच्या नावाने ओळखलं जातं, आणि विकृती मोजायची तर आधी शुद्ध लाटच लागते. म्हणजे 'कानाला चांगला लागतो' असं लेखाच्या माथ्यावर लिहिणारा माणूस पोटापाण्यासाठी मोजमापच करत होता. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. मोजमापाला कंटाळलेल्या रसिकाची ती तक्रार नव्हती. मोजण्याचं एक विशिष्ट माप अपुरं पडतंय हे त्यांनी मोजणाऱ्याच्या शिस्तीने ओळखलं होतं.

त्यांचा उपाय इतका सरळ होता की थोडा उद्धटच वाटावा. अडखळणं हात सोडल्यामुळे होतं ना? मग हात सोडूच नका. तोपर्यंत जर्मेनियमची जागा सिलिकॉनने घेतली होती, आणि सिलिकॉनला उष्णता सोसते. मोटोरोलाचे एमजे ४८० नावाचे दोन ट्रान्झिस्टर त्यांनी शेवटच्या टप्प्यात घेतले, दोन्ही एनपीएन. त्यांच्या मागे एक चालक ट्रान्झिस्टर. त्याच्या कलेक्टरवरून वरचा आणि एमिटरवरून खालचा ट्रान्झिस्टर हाकला जातो; तो एकाला ढील देतो तेव्हा दुसऱ्याला आपोआप ओढतो. त्याच्याही मागे, आत येणाऱ्या सुराची आणि परत आलेल्या फीडबॅकची गाठ घालणारा चौथा, छोटासा. संपलं. आठ ओहमच्या स्पीकरसाठी २७ व्होल्टचा पुरवठा आणि १.२ अँपिअरचा कायम वाहणारा प्रवाह. तीन ओहमसाठी १७ व्होल्ट आणि २ अँपिअर, पंधरा ओहमसाठी ३६ व्होल्ट आणि ०.९ अँपिअर. असा छोटा तक्ताच त्यांनी दिला होता, आपापल्या स्पीकरप्रमाणे निवडा म्हणून.

२७ गुणिले १.२ म्हणजे ३२.४ वॅट. गाणं चालू असो, बंद असो, दोन गाण्यांमधली शांतता असो, हा ॲम्प्लिफायर बत्तीस वॅट जाळतो, आणि फार तर दहा देतो. स्टिरिओ हवा तर दोन बांधायचे, म्हणजे पासष्ट. क्लास-बीची कार्यक्षमता कागदावर ७८ टक्क्यांपर्यंत जाते, आणि या प्रकारच्या क्लास-एची मर्यादा ५० टक्के. गंमत अशी की गाणं जोरात वाजतं तेव्हा थोडी शक्ती स्पीकरकडे जाते, म्हणून ट्रान्झिस्टर त्यातल्या त्यात थंड असतात. शांततेत ते सर्वांत तापतात.

एवढी उधळपट्टी करून मिळालं काय? आवाज कमी केला की विकृतीही कमी होत गेली, व्हॉल्व्हसारखीच. आणि उरली ती बरीचशी दुसऱ्या अंशाची, वरच्या षड्जाची. आपल्या संगीताच्या दृष्टीने पाहा. तानपुऱ्याची तार छेडल्यावर जवारीतून निघणारी ती वरची झळाळी फार क्षीण असते आणि मावळत मावळत शून्याकडे जाते. गायकाने सूर सोडल्यावर मागे जे उरतं, तेही तिथेच. आमच्या पिढीने ज्या ध्वनिमुद्रिका देवासारख्या जपल्या, त्यांतला अर्धा आनंद त्या मावळतीत आहे. लिन्सली हूड काही तानपुरा ऐकत बसले नव्हते, पण त्यांनी जो भाग सांभाळला तो हा.

पण मला ज्या गोष्टीचं मोल वाटतं ती वेगळीच. त्यांनी केलेला दावा ऐकण्याबद्दलचा होता, म्हणजे तसा खाजगी. 'मला चांगलं ऐकू येतं' यावर दुसरा काय बोलणार? पण हा दावा त्यांनी पाककृतीच्या रूपात दिला. चार ट्रान्झिस्टर, मूठभर रोध, काही कपॅसिटर, एक ट्रान्सफॉर्मर, आणि ॲल्युमिनियमचे पंखे असलेले दोन हीटसिंक. कोणीही बांधावा, शेजारी आपला जुना ठेवावा, आणि ऐकावं. विल्यमसनशी ताडून त्यांनी स्वतः पाहिलाच होता. आता वाचकानेही पाहावं. खाजगी अनुभवाला सार्वजनिक करायचा यापेक्षा प्रामाणिक मार्ग मला ठाऊक नाही.

आमच्या परंपरेत यावर फार सुंदर वाद आहे. मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण असतं. बाधक पुढे येईपर्यंत त्यावर विश्वास ठेवा. याला स्वतःप्रामाण्य म्हणतात. नैयायिक म्हणतात, छे, ज्ञान खरं आहे की नाही हे बाहेरून ठरतं, परतः. कशावरून? तर त्या ज्ञानाच्या भरवशावर कृती केली आणि ती फळली यावरून. लांबवर पाणी दिसलं. ते मृगजळ की पाणी, हे तिथवर जाऊन तहान भागली की कळतं. 'कानाला लागलं म्हणजे झालं' म्हणणारे श्रोते हे, नकळत का होईना, मीमांसक. लिन्सली हूड मला नैयायिक वाटतात. पाणी दिसलं म्हणाले, आणि तिथवर जायची वाटही आखून दिली.

आपल्याकडे ही वाट चालणारे होते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याची तपकीर गल्ली ही त्यांची तीर्थक्षेत्रं. एमजे ४८० मिळणं दुरापास्त, पण टू-एन-थ्री-झीरो-फाइव्ह-फाइव्ह, म्हणजे २एन३०५५, हा कुठल्याही दुकानात मिळे. आरसीएचा साठच्या दशकातला हा ट्रान्झिस्टर, दोन भोकांच्या लंबगोल धातूच्या टोपीतला. मूळचा २एन३०५५ मजबूत खरा, पण सुस्त. वरच्या सुरांत एमजे ४८० इतका चपळ नाही. चालकाच्या जागी कॉलेजच्या प्रयोगशाळेतला प्रत्येकाच्या ओळखीचा एसएल-१०० बसू शकतो.

बांधायला सोपा म्हणतात, आणि आहेच, पण तीन ठिकाणी तो माणसाची परीक्षा घेतो. पहिली वीजपुरवठ्यात. सतत १.२ अँपिअर ओढला जात असल्यामुळे एकट्या १०,००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवरही साधारण एक व्होल्टचा हेलकावा उरतो, आणि तो स्पीकरमधून गुणगुण होऊन ऐकू येतो. शांततेसाठी एवढा खटाटोप करायचा आणि शांततेत भुंगा ऐकायचा! म्हणून पुरवठा नीट स्थिर करून घ्यावाच लागतो. दुसरी परीक्षा जुळवणीत. मधल्या बिंदूवर निम्मा, म्हणजे साडेतेरा व्होल्ट आणायचा, आणि प्रवाह चालकाच्या रोधावरून बसवायचा. हा प्रवाह शेवटच्या ट्रान्झिस्टरांच्या वर्धनावर अवलंबून आहे, आणि एकाच पुडीतल्या दोन २एन३०५५ चं वर्धन सारखं नसतं. त्यामुळे छापील रोध लावून मोकळं होता येत नाही. मोजायचं, बदलायचं, अर्धा तास तापू द्यायचं, परत मोजायचं. तिसरी परीक्षा अभ्रकाच्या चकतीची. या ट्रान्झिस्टरची धातूची टोपी हाच त्याचा कलेक्टर असल्याने ती हीटसिंकला थेट टेकवता येत नाही. मध्ये अभ्रक, दोन्ही बाजूंनी पांढरं मलम, आणि स्क्रूंना प्लॅस्टिकच्या बाह्या. मीटर लावून वहन होत नाही याची खात्री केल्याशिवाय वीज सोडायची नाही.

निवृत्तीनंतर मी एक जोडी बांधली. एका दुकानातून घेतलेल्या चार ट्रान्झिस्टरांपैकी दोन बनावट निघाले. टोपीवर नाव बरोबर, आत चिमुकली चिप. वजनाला हलके होते, तिथेच संशय आला. टोपी कापून पाहिली तेव्हा उलगडा झाला. नाव छापलेलं असणं आणि वस्तू असणं यातला फरक वर्गात शिकवायला मला इतकं चांगलं उदाहरण चाळीस वर्षांत मिळालं नव्हतं.

आता पुढचा इतिहास, कारण कथा १९६९ ला संपत नाही. १९७० मध्ये फिनलंडचे मट्टी ओताला यांनी दाखवलं की फीडबॅक पुरेसा चपळ नसेल तर झपकन चढणाऱ्या सुरांवर आणखी एका प्रकारची विकृती होते, जी स्थिर सुरावर मोजली तर दिसतच नाही. म्हणजे मोजणाऱ्यांनी स्वतःच आपली मापं रुंदावली. मग १९७८ साली, पुन्हा 'वायरलेस वर्ल्ड'मध्येच, जेम्स मॉयर यांनी एक चाचणी छापली. क्वाड कंपनीचे तीन ॲम्प्लिफायर, एक व्हॉल्व्हचा, दोन ट्रान्झिस्टरचे, पडद्याआड. ऐकणारे जाणकार, पण कोणता वाजतोय हे त्यांना सांगायचं नाही. निकाल असा की त्यांना भरवशाने फरक ओळखता आला नाही. आणि १९९३-९४ मध्ये डग्लस सेल्फ यांनी लेखमाला लिहून एकेक विकृती सुटी करून दाखवली, आणि काळजीपूर्वक बांधलेला क्लास-बी ॲम्प्लिफायर कमी आवाजातही किती स्वच्छ असू शकतो हे सिद्ध केलं.

यावर क्लास-एचे भक्त काय म्हणतात? चाचणीतच खोट आहे, मीटरला आत्मा नसतो, वगैरे. मला हे पटत नाही, आणि स्पष्ट सांगतो. १९६९ मध्ये कानाची साक्ष ग्राह्य होती, कारण तिच्यामागे कारण होतं, आणि कमी आवाजात मोजल्यावर ते कारण मीटरलाही दिसत होतं. तीच साक्ष १९९३ च्या यंत्राविरुद्ध जशीच्या तशी उभी करणं म्हणजे एका खटल्यातला साक्षीदार दुसऱ्या खटल्यात आणून बसवणं. आज बाजारात काही लाखांना मिळणाऱ्या क्लास-ए ॲम्प्लिफायरबद्दल जे काव्य लिहिलं जातं, ते वाचताना मला हा साक्षीदार दिसतो. त्यांपैकी बरेचसे काव्यकर्ते पडद्याआडच्या चाचणीला बसत नाहीत. इथे नैयायिकाने उठून जावं.

पण सेल्फ यांचीही एक गोष्ट सुटते. त्यांचा ॲम्प्लिफायर नीट बसवायला जे ज्ञान, जी उपकरणं लागतात, ती रविवारच्या माणसाकडे नव्हती. १९६९ मधल्या माणसासमोरचा प्रश्न असा होता : माझ्याकडे एक मल्टिमीटर आहे, ऑसिलोस्कोप नाही, विकृतीमापक तर स्वप्नातही नाही. मी असं काय बांधू की जे न मोजताही बिघडणार नाही? चार ट्रान्झिस्टरच्या या रचनेत अडखळण्याची जागाच नाही, म्हणून ती जुळवायला विकृतीमापक लागत नाही. बत्तीस वॅट जाळून त्या माणसाने विकत घेतलं ते हे. चांगल्या आवाजाइतकंच, स्वतःच्या टेबलावर खात्री करून घेता येण्याचं स्वातंत्र्य.

त्या बत्तीस वॅटचं आपल्याकडे काय होतं तेही पाहा. प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या वाट्याला सोळा वॅट. प्रत्येक वॅटला दोन अंश चढणारा हीटसिंक घेतला, तर खोलीच्या तापमानावर बत्तीस अंश चढतात. इंग्लंडात खोली वीस अंशांवर. हीटसिंक बावन्न, हात ठेवता येतो, आणि हिवाळ्यात बरंही वाटत असेल. नागपुरात मे महिन्यात खोलीच बेचाळीस, हीटसिंक चौऱ्याहत्तर. ट्रान्झिस्टर मरत नाही, सिलिकॉनला एवढं सोसतं. मरतो तो शेजारचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. दर दहा अंशांमागे त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. म्हणून आपल्याकडे बांधणाऱ्याने हीटसिंक दुप्पट घ्यावा, पंखे उभे ठेवावेत म्हणजे हवा वर चढेल, आणि कपॅसिटर शक्य तितके लांब न्यावेत. विजेचा हिशेब विचाराल तर दोन्ही बाजू मिळून पासष्ट वॅट, रोज चार तास, महिन्याला जवळजवळ आठ युनिट. पुरवठ्यात वाया जातं ते वेगळं.

लिन्सली हूड स्वतः १९९६ मध्ये या रचनेकडे परत आले. 'वायरलेस वर्ल्ड'चं नाव तोवर 'इलेक्ट्रॉनिक्स वर्ल्ड' झालं होतं. सत्तावीस वर्षांत ट्रान्झिस्टर बदलले, मूळचे एमजे ४८० बाजारातून गेले होते, आणि त्यांनी नव्या सुट्या भागांसाठी रचना सुधारून दिली. २००४ साली ते गेले. मूळ चार ट्रान्झिस्टरची रचना मात्र लोक अजून जशीच्या तशी बांधतात. ती बांधायची असेल तर आधी तराजू घेऊन दुकानात जा, आणि मे महिना टळू द्या.

आता प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेतले ते गृहस्थ बराच वेळ हात वर करून बसलेत, त्यांच्यापासून सुरुवात करू.